न दुखणारा घसा

नांदेड
१० नोव्हेंबर १९९७

प्रिय मंजू,

हे पत्र लातूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. टपालाला वेळ लागेल, आणि फोन मी मुद्दामच केला नाही. तुझा फोन बैठकीत, भोवती तुझ्याकडे राहणाऱ्या सगळ्या मुली. मला जे सांगायचंय ते तू आधी एकटीनं वाचावंस.

आपली बुशरा आजारी आहे. दिवाळीच्या सुटीला तुझ्याकडून बिलोलीला गेली तेव्हाच तिचा घसा धरला होता म्हणे. तिच्या अब्बानं, मोहियोद्दीनभाईनं, गुळण्या करायला लावल्या, गावच्या डॉक्टरचं औषध दिलं. मग मान सुजली, थुंकी गिळवेना, तेव्हा भाई दुकान तसंच उघडं टाकून तिला जीपमधून माझ्या दवाखान्यात घेऊन आला. मी बॅटरी मारून पाहिलं. टाळूच्या मागे राखाडी पापुद्रा. इतकी वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, तो पापुद्रा मी लहान लेकरांच्या घशात पाहिलाय. सतरा वर्षांच्या माझ्या भाचीच्या घशात पाहीन असं वाटलं नव्हतं. मंजू, घटसर्प आहे.

फिकीर करू नकोस. इंजेक्शन मिळालं, आता ती बरी होते आहे.

लिहायचं कारण वेगळं आहे. घटसर्पाचा जंतू कधीकधी धडधाकट माणसाच्या घशात घर करून राहतो. त्या माणसाला ताप नसतो, काही दुखत नसतं. तो खातो, पितो, हसतो, आणि बोलता-खोकताना दुसऱ्याला जंतू देतो. आम्ही त्याला वाहक म्हणतो. बुशरा चार महिने तुझ्या घरी राहिली, तेव्हा तुझ्या घरात असा कुणी असू शकतो. मुली, तू, संगमेश्वरभाऊ, स्वयंपाकाची गंगम्मा, सगळ्यांचे घसे तपासून घे. सरकारी दवाखान्याला कळवलं की ते येतात, कापसाचा बोळा घशात फिरवून तपासायला पाठवतात. आणि सगळ्यांना लशीचा डोस द्यायला सांग.

उशीर करू नकोस.

तुझी
आबेदा


लातूर
१४ नोव्हेंबर १९९७

आबेदाआपा, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी रडू आलं, मग राग आला. राग तुमचाच. मनात ठेवून लिहिणं मला जमत नाही, म्हणून सांगून टाकते. मी मुलींना पाणी उकळून देते, भाजी दोनदा धुते, शिळं कुणाच्या ताटात पडू देत नाही. आणि तुम्ही लिहिता, तुझ्या घरात असा कुणी असू शकतो.

हे म्हणाले, "गप बस. पोरगी गावी जाऊन आजारी पडली, गावचंच काहीतरी असंल. इथं कळलं तर घर रिकामं होईल. बारावी तोंडावर आलीय, कोण ठेवील पोरगी?" खोटं नाही ते. आमच्या गल्लीत आता घर सोडून घर 'मुलींसाठी राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी आहे. पहाटे पाचपासून सायकली सुरू होतात, फिजिक्सचा क्लास, मग केमिस्ट्रीचा, मग कॉलेज. कुठं कुणाला सर्दी झाली तरी दुपारपर्यंत गल्लीभर बातमी होते.

मी दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी रेणापूरची नाजिया पुस्तकावर वाकून खोकत होती. साधा खोकला. पण माझा हात पोळपाटावरच थांबला. तसाच पिठाचा हात घेऊन जिन्यावरून वर गेले आणि सगळ्यांना सांगून टाकलं.

डॉक्टर आले. एकेकीला उन्हात बसवून घसे पुसून घेतले. गंगम्मा सगळ्यांत शेवटी. "माझं काय बघता सायेब, मी दगडावानी हाय," म्हणत हसतच तोंड उघडलं. सगळ्यांना इंजेक्शन दिलं आणि सात दिवसांच्या गोळ्याही दिल्या. रिपोर्ट यायचेत. संध्याकाळपर्यंत तिघींचे वडील येऊन ट्रंका घेऊन गेले. बाकीच्या राहिल्या. हे माझ्याशी बोलत नाहीत.

बुशरा कशी आहे ते खरं खरं लिहा.

तुमची
मंजुश्री


नांदेड
१८ नोव्हेंबर १९९७

प्रिय मंजू,

राग आला ते लिहिलंस, बरं केलंस. मी तुला बोल लावला नव्हता. हा जंतू स्वच्छ घरातही राहतो आणि डॉक्टरच्या घशातही राहतो.

बुशराचा पापुद्रा गळून गेला. काल तिनं चार चमचे खीर खाल्ली. बाकी सगळं ठीक.

एक गोष्ट लक्षात ठेव. रिपोर्टमध्ये कुणाचं नाव आलं तर ते आधी त्यालाच सांग, एकट्याला, आणि हळू सांग. आजारी माणसाला औषध देणं सोपं असतं, त्याला दुखत असतं. ज्याला काहीच होत नाही त्याला "तुझ्यामुळे" हा एक शब्द जरी ऐकू आला, तरी तो औषधही घेत नाही आणि पुन्हा समोरही येत नाही. मी पाहिलंय.

तुझी
आबेदा


लातूर
२५ नोव्हेंबर १९९७

आबेदाआपा,

घाईत लिहिते. रिपोर्ट आले. गंगम्मा. बाकी सगळ्यांचे घसे साफ.

तुम्ही म्हणालात तसं तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. दहा दिवसांच्या गोळ्या सांगितल्यात, त्या चालू आहेत. स्वयंपाकाला तोवर दुसरी बाई ठेवली आहे. काळजी नसावी. मुलींच्या सराव परीक्षा सुरू आहेत.

मंजुश्री


नांदेड
२९ नोव्हेंबर १९९७

प्रिय मंजू,

तुझं पत्र चारदा वाचलं. तू रागात असलीस तरी दोन पानं लिहितेस. इतकं छोटं पत्र तू कधी लिहीत नाहीस.

मला सांग, गंगम्माला मळमळतं का? त्या गोळ्यांनी पोटात ढवळतं, दहातल्या सातजणांची तक्रार येते. ती कुठं झोपते आहे? तिचं ताट-तांब्या वेगळा केलास का? गोळी दिवसातून चारदा असते, प्रत्येक वेळी समोर उभी राहून देतेस ना?

तू मला काही सांगत नाहीयेस असं मला वाटतं. म्हणून आधी मीच सांगते, मीही तुला सगळं सांगितलं नव्हतं.

बुशराला आणलं त्या सकाळी डॉक्टरांनी तिच्या गळ्याला भोक पाडायची तयारी केली होती. ट्रे माझ्याच हातात होता. पोरगी श्वास घेताना छातीच्या फासळ्या आत जायच्या. इंजेक्शन नांदेडात नव्हतं, ते हैदराबादहून थर्मासमध्ये बर्फात घालून एक माणूस घेऊन आला, तोवर आम्ही नुसते तिच्या तोंडाकडे बघत बसलो. भाई व्हरांड्यात बसून मला म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून तुझ्या मैत्रिणीकडे ठेवली." मी उठून परत तिच्या उशाशी गेले. तुला लिहिलं असतं तर तू मोडून पडली असतीस, म्हणून लपवलं.

आता ती माझ्या घरी मागच्या खोलीत आहे. पण आवाज नाकातून येतो, पाणी प्यायली की नाकावाटे बाहेर येतं. या विषानं टाळूच्या नसा ढिल्या पडतात. हळूहळू भरून येईल असं डॉक्टर म्हणतात. हुशार पोरगी आहे, पण आपला आवाज ऐकून रडते, म्हणून बोलतच नाही. पाटीवर लिहून दाखवते.

आता तू सांग.

आबेदा


लातूर
४ डिसेंबर १९९७

आपा,

गंगम्मा घरात नाही. गोळ्याही चालू नाहीत. मी खोटं लिहिलं.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं हे खरं. हळू सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे बुशराबायला माझ्याकडून झालं?" मी म्हटलं, तसं नाही गं. पण तेवढ्यात हे जिन्यावरून उतरता उतरता बोलले, "मग कुणाकडून झालं?" त्यांनाही नंतर वाईट वाटलं, पण शब्द निघून गेला होता. तिनं चूल सारवली, भांडी पालथी घातली आणि चार वाजता बाजाराला जाते म्हणून गेली ती परत आलीच नाही. आवराआवर करताना पहिल्या सात दिवसांच्या गोळ्या हळदीच्या डब्यामागे सापडल्या. एकही घेतली नव्हती. मुली रोज घ्यायच्या तेव्हा ही त्यांना पाणी द्यायची.

तुम्हाला आठवत असेल, आपण दोघी छावणीत पहिल्यांदा भेटलो तेव्हा ती तुमच्या इंजेक्शनच्या रांगेत नुसतीच उभी असायची. इंजेक्शन झालं तरी पुन्हा येऊन रांगेत उभी राहायची. भूकंपात नवरा आणि दोन्ही मुलं गेली, आणि ही राखणीला रानात झोपली होती म्हणून राहिली. मी तिला घरी आणली ती तेव्हापासून.

परवा तिच्या नव्या गावी गेले. भूकंपानंतर बांधून दिलेली सगळी घरं सारखीच, भिंतीवर नंबर. तिचं घर शेवटच्या ओळीत आहे. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला पाहिलं तशी उठली, आत गेली आणि दार अर्धं लोटून घेतलं.

"तिथंच थांबा अक्का," आतून म्हणाली. "वारा तुमच्याकडं चाललाय."

मी अंगणातच उभी राहिले. म्हटलं, गंगम्मा, गोळ्या आणल्यात, दहा दिवस घेतल्या की जंतू मरतो.

"दुखतंय त्यानं गोळी घ्यावी. माझं काय दुखतंय? हे दुखनं न्हाई अक्का, हे नशीब हाय."

"असं कसं म्हणतेस?"

"तवा घरातले तिघं गेले. लोकं म्हनली, हिला मरन शिवत न्हाई. मला बी तसंच वाटलं. आता कळलं, मरन माझ्यापशीच मुक्कामाला हाय. मी निस्ती वाटून राहिले."

आपा, मी बी.ए. झालेली बाई, अंगणात उभी राहून रडत होते, आणि ती आतून मलाच म्हणत होती, "रडू नका, एसटी चुकंल." ती गावात कुणाकडे जात नाही. पाण्याला सगळ्या बायका निघून गेल्यावर जाते. शेजारच्या लेकरानं ओट्यावर पाय ठेवला तर ओरडते. गोळ्या ओट्यावर दगडाखाली ठेवून आले. तिथल्या उपकेंद्राच्या नर्सबाई गुरम्मा आहेत, त्यांच्या कानावर घातलं. त्या दुसऱ्या दिवशी गेल्या तर गोळ्या दगडाखाली तशाच.

काय करू सांगा. आणि बुशराला माझ्या वतीनं जवळ घ्या.

मंजुश्री


नांदेड
८ डिसेंबर १९९७

गंगम्मा मावशी,

मी बुशरा. मंजुश्रीकाकूंना सांगितलंय की हे पत्र तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवा. मला बोलता आलं असतं तर मी स्वतः आले असते. पण माझा आवाज सध्या नाकातून येतो, आणि मला कुठं जायची परवानगीही नाही. ती का नाही, तेच सांगायला लिहिते आहे.

मावशी, माझ्याही घशात तो जंतू अजून आहे. मी बरी झाले, ताप गेला, आता दुखत काही नाही. तरी परवा आबेदाफुप्पीनं बोळा फिरवून नेला आणि काल रिपोर्ट आला की आहे. म्हणजे आज तुम्ही जशा आहात तशीच मी आहे. आपल्या दोघींना एकच नाव आहे, वाहक. माझं ताट वेगळं, कपडे वेगळे, माझा धाकटा भाऊ अमान भेटायला आला तरी खिडकीतूनच माझ्याशी बोलतो. मी फुप्पीला पाटीवर विचारलं, मी पापी आहे का? ती म्हणाली, पागल झालीस का, दहा दिवसांच्या गोळीनं जातं ते पाप कसलं.

आणखी एक. मी डॉक्टरांना विचारलं, मला कुणाकडून झालं? त्यांनी सांगितलं, ते कुणालाच सांगता येत नाही. बोळ्यावर जंतू दिसतो, तो कुणाकडून कुणाकडे गेला ते लिहिलेलं नसतं. मावशी, मी दसऱ्याला बिलोलीला गेले होते तेव्हा आमच्या गल्लीत दोन पोरांचे घसे सुजले होते. मी त्यांना मांडीवर घेऊन बसले होते. मग लातूरला आले आणि तुम्ही माझ्या ताटातला उरलेला भात खाल्लात, "टाकू नको, पाप लागतं" म्हणून. म्हणजे मीच तुम्हाला दिला असेल. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. मग तुम्ही एकट्यानंच का सगळं अंगावर घेतलंत?

मी उद्यापासून परत गोळ्या सुरू करते आहे. तुमच्यासाठी थांबले असते, पण फुप्पी थांबू देत नाही. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि झोपताना. मळमळतं खूप. भाकरी खाऊन घेतली तर कमी मळमळतं. तुम्ही मागून या. मला एकटीला कंटाळा येतो.

तुमची
बुशरा


लातूर
१५ डिसेंबर १९९७

आबेदाआपा,

बुशराचं पत्र घेऊन गेले. या वेळी हेही आले. मी बोलावलं नव्हतं, सकाळी स्वतःच टोपी घालून तयार झाले.

गंगम्मानं पुन्हा दार लोटून घेतलं. मी अंगणात उभी राहून मोठ्यानं वाचलं, शेजारपाजारच्या बायका दारांतून ऐकत होत्या, ऐकू देत म्हटलं. ताटातल्या भाताशी आले तेव्हा आतून काहीच आवाज येईना. मला वाटलं मागच्या दारानं गेली. वाचून झाल्यावर आतून म्हणाली, "परत वाचा. गोळीचं टायमिंग वाचा."

परत वाचलं. मग हे पुढे झाले. ह्यांना माफी मागता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. म्हणाले, "गंगम्मा, त्या दिवशी जिन्यावर माझी जीभ घसरली. तू नसल्यापासून घरात कुणाला धड जेवण नाही. गोळी घे." ती म्हणाली, "मालक, तुम्ही वाऱ्यात उभे ऱ्हायलाव." हे म्हणाले, "मला लस टोचलीय. वाहू दे वारा."

दार थोडं उघडलं. तिनं हात बाहेर काढला, दगड बाजूला केला आणि गोळ्या आत घेतल्या. पाणी प्यायल्याचा आवाज आला. नंतर म्हणाली, "कडू हाय. बुशराबाय कशी गिळती?"

आता गुरम्मा रोज दोनदा जाऊन समोर उभ्या राहतात. बाकीच्या दोन वेळा शेजारची लक्ष्मम्मा अंगणातून हाक मारते, "गंगे, घेतली का?" त्या दिवशी ऐकलं ना सगळ्यांनी, आता अख्ख्या ओळीला तिचं टायमिंग पाठ आहे.

मंजुश्री


नांदेड
६ जानेवारी १९९८

प्रिय मंजू,

अल्लाचे उपकार. बुशराचे दोन्ही बोळे साफ आले, लागोपाठ. डॉक्टरांनी मागच्या खोलीतून सुट्टी दिली. काल अमान धावत आत आला आणि तिच्या गळ्यात पडला, आणि ती "अरे, हळू" म्हणाली. दोन्ही शब्द स्पष्ट ऐकू आले. पाणीही आता नाकातून येत नाही, सावकाश प्यायलं तर.

एक अडचण आहे. भाई तिला लातूरला पाठवायला तयार नाही. म्हणतो, परीक्षा बिलोलीहून देऊ दे, नाहीतर पुढच्या वर्षी देऊ दे. मी भांडत नाही. व्हरांड्यात बसून त्यानं काय पाहिलंय ते मला माहीत आहे. बुशरा त्याच्याशी बोलेल.

गंगम्माचं काय झालं? रिपोर्ट आला असेल.

आबेदा


(गुरम्मा नर्सबाईंच्या हातून)
१४ जानेवारी १९९८

बुशराबायला गंगम्माचा आशीर्वाद.

मी सांगून राहिले, नर्सबाई लिहून राहिल्या. तू साफ झालीस हे अक्कानं सांगितलं. लई बरं वाटलं. माझं मात्र पुन्हा निघालं. सगळ्या गोळ्या घेतल्या, एक बी चुकवली न्हाई, लक्ष्मम्माला विचार. तरी निघालं. कागद आला त्या दिवशी मी ओट्यावरच बसून ऱ्हायले. म्हटलं झालं, हे माझ्या संगट जळायलाच जाईल.

नर्सबाई म्हनल्या, काही जनांना दुसऱ्यांदा घ्यावं लागतं, तुझ्या घशाच्या गाठी मोठ्या हायेत, तिथं दडून बसलं असंल. मी म्हटलं, दडून बसनारं जनावर हाय तर मग काढायलाच पायजे. पयल्यासारखं मन खचलं न्हाई. पयल्या टायमाला मला वाटलं होतं हे मीच हाय. आता वाटतं हे दुसरं कायतरी हाय, माझ्या घरात घुसलेलं.

आता सुई बी दिलीय, ढुंगनावर, लई दुखली. तुझं टायमिंग संपलं तरी मी त्याच टायमाला घेते. मळमळलं की भाकरी खाते, तू सांगितलं तशी.

तुझ्या बापाला सांग, पोरीला परीक्षेला बसू द्या. मी साफ होऊपर्यंत लातूरला येनार न्हाई, ही माझी जबान हाय. त्येला भ्याव वाटतं ते बरोबर हाय. मला बी वाटतं.

गंगम्मा


नांदेड
२ फेब्रुवारी १९९८

प्रिय मंजू,

गंगम्माचं पत्र बुशरानं भाईला वाचून दाखवलं. दुकानात शिलाई मशीन चालवता चालवता तो ऐकत होता. शेवटच्या ओळींशी त्याचा पाय पायडलवर थांबला. म्हणाला, "ती बाई स्वतःच म्हणते मला भीती वाटते?" बुशरा म्हणाली, "हो अब्बा." मग त्यानं सुईखालचं कापड ओढून काढलं आणि म्हणाला, "परीक्षेची बॅग भर."

तो तिला स्वतः सोडायला येईल. तुझ्या घरी थांबेल, चहा घेईल, कमी बोलेल. ते मनाला लावून घेऊ नकोस.

आबेदा


लातूर
९ मार्च १९९८

आबेदाआपा,

तुम्हाला फोनवर एवढंच सांगता आलं की गंगम्माचे दोन्ही बोळे साफ आले. बाकीचं आता लिहिते.

रिपोर्ट आला तेव्हा मी धावत तिच्या गावी गेले. वाटलं, आनंदानं नाचेल. तिनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, घडी घालून कमरेला खोचला. म्हणाली, "चला." एक बोचकं बांधलं आणि एसटीत माझ्या शेजारी बसली. पण बसताना मध्ये एका माणसाची जागा सोडली. मी सरकले तशी ती आणखी सरकली, खिडकीला चिकटली. घरी आल्यावरही तसंच. पोळ्या करायची, पण मुलींना वाढायला मलाच पुढं करायची. तोंडावर पदर. नाजिया तिला मिठी मारायला गेली तर ही मागच्या मागं मोरीत शिरली. साफ झाली होती, पण तिला ते कुणी सांगून पटत नव्हतं.

मोहियोद्दीनभाई बुशराला घेऊन आले त्या दिवशी तर ती गच्चीवर जाऊन बसली. भाई चहा प्यायले, कमी बोलले, तुम्ही सांगितलं तसंच. निघताना म्हणाले, "त्या बाईंना बोलवा." ती आली, दाराशी उभी राहिली. भाईंनी पिशवीतून खण काढला, खणाला शोभेलसा जांभळा काठ त्यांनी स्वतः लावलेला. म्हणाले, "बहन, पोरगी तुमच्या हवाली." तिनं खण घेतला नाही, मान खाली घालून उभी राहिली. बुशरानंच तो तिच्या खांद्यावर टाकला.

बुशराचा पहिला पेपर बरा गेला. फिजिक्सचा कठीण होता म्हणते, पण हसत म्हणते. अजून दमते लवकर, दुपारी झोपते.

आता परवाची गोष्ट. गुरम्मांचा निरोप आला होता की गावात लस टोचायचा दिवस आहे. भूकंपाच्या वर्षात आणि त्यानंतर जन्मलेल्या लेकरांचे डोस राहून गेलेत. कुणाचं कार्ड ढिगाऱ्यात गेलं, कुणाची आईच गेली. बायका लेकरं आणत नाहीत, टोचलं की ताप येतो म्हणतात. त्यांना समजवायला गंगम्मा येईल का, असं त्यांनी विचारलं होतं. मी तिला विचारलं. विचार करते म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची बाटली भरून तयार.

गावात गेल्यावर ती कुणाच्या घरात शिरली नाही. प्रत्येक दाराशी उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि तेच सांगायची. "माझ्या घशात होतं, मला कळलं बी न्हाई. एका पोरीचा गळा कापायची पाळी आली. औषधानं गेलं. तुमच्या लेकराला येऊच देऊ नका." बायका दारातूनच ऐकायच्या. हिच्या ओट्यावरून हाकललेली लेकरं होती ती, त्यांच्या आया विसरल्या नव्हत्या. तरी एक आली, मग तिच्या मागून दुसरी. दुपारपर्यंत समाजमंदिराच्या पायऱ्या भरल्या.

शेवटी लक्ष्मम्माची सून आली, चार वर्षांचा भीमा कडेवर. पोरगं सुई बघून असं काही किंचाळलं, आईचे केस ओढले, चावलं, हातातून सुटून पळालं आणि पायऱ्यांवर बसलेल्या गंगम्माच्या मांडीत जाऊन शिरलं. ओट्यावरून आपल्याला हाकलणारी हीच, हे त्या घाईत त्याला कुठलं आठवतंय. गंगम्माचे दोन्ही हात हवेत राहिले. मी बघत होते आपा, ते हात तसेच वर होते, आणि पोरगं तिच्या पोटात तोंड खुपसून रडत होतं. गुरम्मा सुई घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "धर गं त्याला, हलू देऊ नको."

तिनं धरलं. घट्ट धरलं. सुई टोचली, पोरगं आणखी मोठ्यानं रडलं, आणि तिनं तोंडावरचा पदर काढून त्याचं नाक पुसलं.

पाच वाजत आले होते. मी म्हटलं, गंगम्मा, निघू या, नाहीतर लातूरची गाडी जाईल.

"थांबा अक्का," ती म्हणाली. "याला आधी गप होऊ द्या."

तुमची
मंजुश्री